वाघ, बकरी आणि गुळाची कढई

आमच्या बाबांना आयुष्यात एकच कोडं येत होतं, आणि त्या एका कोड्यावर त्यांनी साऱ्या पंचक्रोशीला पिडलं. त्यांच्या लहानपणी शाळा तपासायला कुणी साहेब आले होते. त्यांनी वर्गाला ते कोडं घातलं, बाबांनी ते सगळ्यांच्या आधी सोडवलं आणि साहेबांनी आपल्या खिशातली पेन्सिल काढून बाबांना दिली. पुढे सातवीत शाळा सुटली, पेन्सिल तर त्याच्या कितीतरी आधी झिजून संपली, पण कोडं टिकलं. एका माणसाला नदी ओलांडायची आहे. त्याच्याजवळ एक वाघ, एक बकरी आणि एक गवताचा भारा. नावेत तो स्वतः आणि या तिघांतलं एकच काहीतरी मावतं. माणूस जवळ नसला की वाघ बकरी खातो आणि बकरी गवत खाते. तर तिघांना सहीसलामत पलीकडे कसं न्यायचं? बाबा हे कापूस घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला विचारत, गोऱ्हा विकायला आलेल्याला विचारत, एकदा तर आसेगावच्या बाजारातून येताना त्यांनी बसच्या कंडक्टरला विचारलं आणि तो बिचारा विचार करता करता तिकिटं फाडायची विसरला.

परवा माझ्या नातवानं मोबाईलवर हेच कोडं मला दाखवलं. त्यात वाघाऐवजी लांडगा होता आणि गवताऐवजी पत्ताकोबी. बोटानं ढकललं की नाव आपली आपण पलीकडे जाई. "आजी, तुला जमेल का?" असं त्यानं मला विचारलं. मी वाशीमच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलेली बाई. पण खरं सांगते, मला त्या चित्रात लांडगा-कोबी काही दिसेना. मला एका मोठ्या लोखंडी कढईत पदर खोचून, डोळे गच्च मिटून बसलेली माझी मोठी आई दिसली आणि मी इतकी हसले, की सून स्वयंपाकघरातून पाहायला आली.

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं घर एकच होतं, पण मधे भिंत घालून त्याची दोन घरं केलेली. एका बाजूला मोठे बाबा आणि मोठी आई, दुसऱ्या बाजूला आम्ही. मोठे बाबा दिवसभर वावरात असत आणि घरी आले की जेवून गप्प बसत, त्यामुळे त्या बाजूला आवाज होता तो मोठ्या आईचाच. मधल्या भिंतीत एक दार ठेवलं होतं. ते दार कुरकुरलं, की आमच्या आईचे हात थांबत. मोठी आई आत येई, चुलीवरच्या भाजीत वाकून पाही, तळहातावर रस्सा घेऊन चाखे, "बरी झाली" म्हणे आणि वरून मीठ टाकून निघून जाई. ताटात मग ती भाजी खारट झालेली असे आणि बाबा आईकडे पाहत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापताना तिच्या हाताचा जो थप् थप् आवाज होई, तो तेवढा त्या दिवशी जरा जोरात येई. आईचा तेवढाच काय तो राग आम्हाला ठाऊक होता. मोठ्या आईसोबत ती तासभर एकटी राहिली, की संध्याकाळी तिचे डोळे लाल दिसत आणि विचारलं तर चुलीचा धूर पुढे होई.

आणि या मोठ्या आईला भारी पडणारी गावात एकच बाई होती, ती म्हणजे आमची आत्या. बाबांची थोरली बहीण. तिला गावातच दिलेली, त्यामुळे तिचं माहेर दोन गल्ल्यांवर. ती यायला निघाली, की आधी तिचा आवाज येई आणि मग बऱ्याच वेळानं ती स्वतः. तिच्यापुढे बाबा तर सोडाच, मोठे बाबाही बसलेले उठून उभे राहत. आई मात्र तिच्या खिजगणतीत नव्हती. आत्या यायची, आईच्या हातचा चहा प्यायची, बेसनाच्या पातोडीची भाजी असली तर वाटी भरून न्यायची, पण आई हे माणूस आहे आणि त्यालाही काही म्हणायचं असेल, असं तिच्या मनात कधी आलं असेल असं मला वाटत नाही. त्यामुळे त्या दोघींचं छान चालायचं.

आत्या आणि मोठी आई यांच्यात मात्र विस्तव जात नव्हता, आणि त्याला कारण एक लुगडं. हिरवं, लाल काठाचं. मोठ्या आईच्या लेकाच्या जावळाला आत्यानं ते आहेरात दिलं. आता आमच्याकडची आहेराची लुगडी कुणी नेसत नसे, ती पुढे जात. मोठ्या आईनं ते कुणाच्या तरी लग्नात दिलं, तिथून ते आणखी कुठे गेलं, फिरत फिरत पुन्हा मोठ्या आईच्या पेटीत आलं आणि तिनं काही मनात न आणता आत्याच्या लेकीच्या लग्नात ते आत्याच्याच ओटीत घातलं. आत्यानं भर मांडवात घडी उलगडली. पदराच्या आतल्या कोपऱ्यात शाईचा ठिपका होता. तो ठिपका आत्याच्याच पोरानं पाडलेला. त्यापायीच तर तिनं ते स्वतः न नेसता आहेरात काढलं होतं. पण ही गोष्ट बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून तिचा संताप दुप्पट झाला. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. बोलत नव्हत्या म्हणजे एकमेकींशी बोलत नव्हत्या, एकमेकींबद्दल त्या दुसरं काही बोलतच नव्हत्या. आत्यानं ते लुगडं पेटीत जपून ठेवलं होतं आणि घरी येईल त्याला ती ठिपका दाखवी.

बाबांना एके दिवशी साक्षात्कार झाला, की साहेबांचं कोडं आपल्याच घरात नांदून राहिलं आहे. आत्या वाघ, मोठी आई बकरी आणि आमची आई गवत. वाघ गवत खात नाही, म्हणून आत्या आणि आई खुशाल एकत्र ठेवाव्यात. पण आत्या आणि मोठी आई, किंवा मोठी आई आणि आई, यांना आपण नसताना एकत्र सोडू नये. हे त्यांनी आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि आई "बरं" म्हणाली. मग लग्नाला जायचं तर कोण कोणत्या बैलगाडीत, रोडग्याच्या पंगतीत कोण कुणाशेजारी, मिरच्या खुडायला कोण कुणासोबत, हे सगळं बाबा या हिशेबानं लावत. सगळं सुरळीत पार पडलं, की मला बाजूला घेऊन म्हणत, "पायलं का बेबी, डोकं लागते याले."

हे सगळं असंच चाललं असतं, पण ताईच्या लग्नाचं निघालं. माझी ताई, कुसुम, माझ्याहून बरीच मोठी. आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे आले, की पाहुणे मुलीला प्रश्न विचारत. नाव काय, स्वयंपाक येतो का, चालून दाखव. आमच्या घरी उलटं होतं. पोहे संपले, की बाबा मुलाला कोडं घालत. कुणाला ते यायचं नाही, कुणी अर्ध्यात अडकून घाम पुसायचा. नदीपलीकडच्या गावचा दिनकर पाहायला आला तेव्हा मी दाराशीच बसले होते. त्याची थोडी शेती होती आणि पिठाची गिरणी. धुतलेला सदरा घातला होता, तरी भुवयांवर पीठ राहिलंच होतं. बाबांनी कोडं घातलं. त्यानं ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकाजी, वाघ कायले नेऊन राह्यला तो?"

"कायले म्हणजे? कोड्यात हाय म्हून."

"नाई, बकरी ठीक हाय, गवत बी लागते. पण वाघ कोन नेते संग? सोडून द्याचा न तिकडंच."

आतून कप पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ताईचं हसू. पाहुण्यांसमोर मुलीनं असं हसायचं नसतं, पण तिला ते आवरलंच नाही. दिनकरनं दाराकडे पाहिलं आणि तोही हसला. बाबा हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी निकाल दिला, "पोट्ट्याले डोकं नाई." विषय संपला. मग किन्हीराजाकडचा एक मुलगा आला, वाशीमला कुठल्याशा कचेरीत लागलेला. बाबांचं कोडं पुरतं सांगून व्हायच्या आत त्यानं उत्तर दिलं. बाबांना धन्य वाटलं. ताई मला मागच्या अंगणात म्हणाली, "माह्याकडं तं त्यानं पायलंच नाई बेबी. सारा वेळ बाबाकडंच पाहून राह्यला होता." त्या लोकांनी चार दिवसांनी सुपारी फोडायला येतो म्हणून निरोप धाडला. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. मग त्यात माघार नसते.

त्या दिवसांत वारा पलीकडून असला, की नदीवरून दिनकरच्या गिरणीचा पुक् पुक् असा आवाज आमच्या घरापर्यंत येई. ताई भाकरी थापत असली तर तिचा हात हवेत राही आणि तव्यावरची भाकर करपे. बाबा म्हणत, "पोरीचं ध्यान कुठं राह्यते आजकाल?" आई करपलेली भाकर आपल्या ताटात ओढून घेई. मी लहान होते, पण इतकी लहान नव्हते की आई त्या आवाजाकडे नाही, ताईच्या तोंडाकडे पाहते हे मला कळू नये.

अशात त्याच पलीकडच्या गावातून आमच्या भाऊबंदांकडून बारशाचं बोलावणं आलं. ते सुपारीच्या आदल्या दिवशी होतं. नाही म्हणता येत नव्हतं आणि आत्या, मोठी आई, आई अशा तिघींनाही घेऊन जाणं भाग होतं, ताई तेवढी घरी राहणार होती. शिवाय आत्याच्या सुनेनं आईच्या कानात सांगितलं होतं, की आत्यानं ते हिरवं लुगडं गठोड्यात बांधलं आहे आणि साऱ्या भावकीसमोर ती ते मोठ्या आईच्या ओटीत परत टाकणार आहे. हे बाबांना कळलं तेव्हा त्यांनी चहा अर्धा ठेवला. बारशात असा तमाशा झाला असता तर किन्हीराजाच्या पाहुण्यांच्या कानावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेलाच असता.

पोळा होऊन गेलेला, नदी भरून वाहत होती आणि नदीवरचा ठेंगणा रपटा पाण्याखाली होता. आता तिथे मोठा पूल आहे, मोटरसायकली भुर्रकन निघून जातात आणि खाली नदी आहे हे कुणाला दिसतही नाही. तेव्हा पावसाळाभर आमचं येणंजाणं कढईतून चाले. बंद पडलेल्या गुऱ्हाळाची ती गूळ शिजवायची अवाढव्य लोखंडी कढई. या काठच्या बाभळीपासून त्या काठच्या उंबरापर्यंत जाड दोर बांधलेला. कढईत बसायचं, दोर हातांनी ओढत ओढत पलीकडे जायचं. ओढणारा एक आणि बसणारा एक, एखादं पोर मांडीवर, याहून जास्त भार तिला सोसत नसे. कढईला पुढचं-मागचं काही नसतं, त्यामुळे ती जाता जाता गोल फिरे आणि बसणाऱ्याला आपण आलो कुठून हेच कळेनासं होई. कढई ओढणारा माणूस त्या दिवशी आसेगावच्या बाजारात गेला होता. बाबा म्हणाले, "मीच नेतो." मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. लहानपणी पेन्सिल मिळालेल्या त्या माणसाला इतक्या वर्षांनी नदी, नाव आणि तिघंही खरोखरची मिळाली होती. त्यांचा आनंद त्यांच्या मिशीत मावत नव्हता.

पहिल्यांदा त्यांनी मोठ्या आईला नेलं. आहेराचं गठोडं तिच्या काखेत. तिला पलीकडे उतरवून बाबा रिकामे आले आणि आत्याला घेऊन गेले. आता पलीकडे वाघ आणि बकरी एकत्र ठेवता येत नव्हते, म्हणून आत्याला उतरवून त्यांनी मोठ्या आईला पुन्हा कढईत घातलं आणि या काठाला परत आणलं. मोठी आई डोळे मिटून, तोंडानं देवाचं नाव घेत बसलेली. काठाला लागल्यावर तिनं डोळे उघडले आणि समोर मला पाहिलं. "हे काय," ती म्हणाली, "मी तं गेली होती न पलीकडं?" बाबा म्हणाले, "वहिनी, उलीसा दम खा, परत नेतो तुमाले." आई मला घेऊन कढईत बसली आणि मोठी आई चक्कर आलेल्या डोळ्यांनी आमच्याकडे पाहत बाभळीखाली उभी राहिली. "मलेच काहून नेऊन-आणून राह्यले?" असं तिनं विचारलं, पण तोपर्यंत आम्ही निघालो होतो.

पलीकडे आत्या उंबराखाली पाय पसरून बसली होती. बाबांनी आम्हाला उतरवलं, दोराची गाठ चाचपली आणि आईला म्हणाले, "शांता, गाठीवर ध्यान ठेव. ढिली वाटली तं आवळ." मग ते मोठ्या आईला आणायला निघाले. आई उंबराच्या मुळावर बसली आणि तिनं गाठीवर हात ठेवला. मी कढई गोल फिरताना पाहत होते. बाबा त्या काठाला पोचले, उतरले, मोठ्या आईला हात द्यायला वळले आणि तेवढ्यात आमच्याकडचा दोर झाडावरून सटकून सरसर पाण्यात गेला. प्रवाहानं तो लांब नेला आणि त्यांच्याच काठाला नेऊन लावला. बाबा पलीकडून दोन्ही हात हलवून ओरडत होते. "शांता, गाठ" एवढं मला ऐकू आलं. आईनं कानामागे हात धरला आणि मान हलवली, काही ऐकू येत नाही म्हणून. मग तिनं हातानं खूण केली, की आम्ही पुढे होतो.

गावाकडे चालताना आई बोलायला लागली. तिला आत्याशी इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "बाई, एक सांगू का," ती खाली पाहतच म्हणाली. "उद्या कुसुमची सुपारी हाय. तुमी थोरल्या. पण पोराले पसंत करताना त्यायनं तुमाले विचारलं बी नाई."

आत्या थांबली. "मले म्हणला सारं ठरलं."

"तेच म्हणते न मी. ठरल्यावर सांगतलं. मले बी तसंच. पोरीले तं कोन विचारते?" आईनं मान वर केली. "बाई, ते पोरगी जेवून नाई राह्यली. तिचं मन त्या गिरणीवाल्याकडं हाय. चांगलं घर हाय, इथं नदीपलीकडं, हाक मारली तं ऐकू येईन. तिकडं देली तं आपल्याले दिसनार नाई ते. मी काय बोलू? माह्यं कोन ऐकते? तुमचं ऐकतीन."

आत्या आईकडे पाहतच राहिली. इतकी वर्षं चहा देणारी ही बाई तिला पहिल्यांदाच दिसत होती असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिनं डोक्यावरचा पदर खसकन पुढे ओढला आणि विचारलं, "गिरणी कोन्या बाजूले हाय?"

दिनकर गिरणीत होता, नखशिखान्त पांढरा. आम्हाला पाहून त्यानं इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली, की त्याच्या आईच्या हातातल्या चाळणीचा आवाज ऐकू आला. आत्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "आमी कुसुमची सुपारी फोडाले आलो." दिनकरची आई गोंधळली. घरचे पुरुष कुठे आहेत असं तिनं विचारलं. आत्या म्हणाली, "येऊन राह्यला होता, दोर सुटला म्हून तिकडंच अडकला. मले म्हणला, बाई, तू हो पुढं. पोरीची मोठी आत्या हावो मी, माह्या शब्दाच्या बाहीर नाई तो." शेवटचं तेवढं खरं होतं. आई खाली मान घालून आपल्या तळहाताकडे पाहत होती. दिनकरनं तोंडावरचं पीठ पुसलं आणि मला हळूच विचारलं, "तुह्या ताईले माहीत हाय का हे?" मी नाही म्हटलं. "मंग तिले विचारा लागन न," तो आईला म्हणाला. आईचे डोळे भरून आले. "मी विचारलं हाय," ती म्हणाली. "मी बिनविचारता आली असती का?"

सुपारी फोडली. कुंकू लागलं, साखर वाटली. दिनकरच्या आईची ओटी भरायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की आहेराचं गठोडं तर मोठ्या आईच्या काखेत, नदीच्या त्या काठाला. आत्या म्हणाली, आता काय करावं. आई अगदी सहज म्हणाली, "बाई, तुमच्या गठोड्यात हाय न एक."

आत्यानं गठोडं जवळ ओढलं. ते लुगडं म्हणजे तिची सारी बाजू होती. ते दिलं तर भांडायचं कशाच्या जोरावर? ती बराच वेळ गठोड्यावर हात ठेवून बसली. मग तिनं ते काढलं, घडी पुन्हा घातली, शाईच्या ठिपक्याचा कोपरा आत दुमडला आणि दिनकरच्या आईच्या ओटीत ठेवलं. आईनं वरून नारळ ठेवला.

नदीच्या त्या काठाला काय झालं ते मी मोठ्या आईच्या तोंडून पुढे इतक्या वेळा ऐकलं, की आपण तिथे होतो असं मला वाटतं. मोठ्या आईनं बाबांना बाभळीखाली बसवलं आणि आपल्यालाच का नेलं-आणलं याचा जाब विचारला. बाबांचा स्वभाव असा, की कोडं सांगायची संधी आली की त्यांना भान राहत नसे. त्यांनी वाघ, बकरी, गवत सगळं समजावून सांगितलं, काठीनं मातीत नदीसुद्धा काढून दाखवली. मोठ्या आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बकरी कोन?" कढईवाला दिवस कलता बाजारातून येऊन दोर घेऊन पोहत पलीकडे जाईपर्यंत बाबा त्या एका प्रश्नात अडकून पडले होते.

दोघं बारशाच्या घरी पोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता आणि बायका घुगऱ्या खात होत्या. आत्यानं सगळ्यांसमोर बाबांच्या तोंडात साखर घातली आणि कुसुमची सुपारी दिनकरशी फुटल्याचं सांगितलं. बाबांच्या तोंडात साखर होती आणि सारी भावकी अभिनंदन करत होती, त्यामुळे त्यांना बोलता आलं नाही. मोठी आई पुढे आली. तिनं आत्याकडे सरळ पाहिलं. "ओटीत काय देलं?" आत्या म्हणाली, "हिरवं." मोठी आई खाली बसली आणि म्हणाली, "बरं केलं." लग्नमांडवापासून त्या दोघींचं एकमेकींशी झालेलं हे पहिलं बोलणं. त्यातच पुढे मोठी आई म्हणाली, "तुले माहीत हाय का, मी बकरी हाय म्हणे. अन् तू वाघ." आत्या म्हणाली, "कोन म्हणलं?" मग दोघी मिळून बाबांकडे वळल्या. नाव चालवणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, हे साहेबांनी बाबांना शिकवलं नव्हतं.

किन्हीराजाच्या पाहुण्यांकडे बाबा दुसऱ्या दिवशी उजाडताच हात जोडून जाऊन आले. त्या रात्री घरी आम्ही परतलो तेव्हा ताई दारातच उभी होती. दुपारी गिरणीचा आवाज मधेच बंद पडलेला तिनं ऐकला होता आणि पट्टा तुटला असेल अशी तिची समजूत. आईनं तिच्या तोंडात साखरेचा खडा घातला आणि एवढंच म्हणाली, "त्यानंच बंद केली." ताईला आधी काही समजलं नाही. मग तिनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखी रडली. ताईचा संसार चांगला झाला. दिनकर भाऊजींनी बाबांना शेवटपर्यंत कोड्याचं उत्तर दिलं नाही आणि बाबांनी शेवटपर्यंत त्यांना ते विचारायचं सोडलं नाही. ते लुगडं माझ्या लग्नात ताईच्या सासूनं माझ्या ओटीत घातलं. ठिपका पाहून मी ते मुकाट्यानं पेटीत ठेवलं, पुढे कुणाला दिलं नाही.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोडं सांगताना ते शेवटी नेहमी म्हणत, "सारं डोक्यानं केलं होतं मी. दोर खराब निघाला." दोर विकणाऱ्याला ते आयुष्यभर शिव्या देत राहिले. आई आता थकली आहे, माझ्याजवळच असते. परवा नातवानं मोबाईल घेऊन तिलाही तेच कोडं विचारलं. ती सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती. कोडं ऐकून ती गालात हसली आणि शेंगा सोलत राहिली. नातू गेल्यावर, इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं. "आई, त्या दिवशी दोर तू सोडला होता का?"

"मी कायले सोडू?" ती म्हणाली. "गाठ ढिली झालती. तुह्या बाबानं आवळाले सांगतलं होतं, ते मी आवळली नाई." तिनं हातातली शेंग मोडली, दाणे सुपात टाकले आणि उजवा तळहात उघडून पाहिला, जसा तिनं त्या दिवशी गिरणीवाल्याच्या घरी पाहिला होता. तेव्हा तो दोरानं सोलून लाल झालेला मी पाहिला होता, पण लहान होते, विचारलं नव्हतं. "तुह्ये बाबा पलीकडं उतरेस्तोवर हातानं धरून ठेवली होती बाई मी. उतरले, अन् मंग सोडला हात."